पडद्यावर न दिसणाऱ्यांचे आभार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आभार मानण्याचे काम दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडते. स्वयंपाकाला हात लावणाऱ्यांचे, सतरंज्या आणून देणाऱ्यांचे, लाऊडस्पीकरवाल्याचे आभार मानायचे आणि खाली बसायचे, अशी आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला निराळेच आभार मानायला सांगितले. गेल्या महिन्यात आपण सगळ्यांनी मिळून पडदा लावून 'ख्वाडा' हा सिनेमा पाहिला. ज्यांनी तो केला ती माणसे आज येथे हजर नाहीत, आपण त्यांना बोलावलेलेही नाही. तरी त्यांचे आभार मानावेत असे ठरले, आणि ते मी मानावेत असेही ठरले. कारण माझा थोरला मुलगा सिनेमाच्या कामात आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलताना कुठे इकडचे तिकडे झाले तर पदरात घ्या.

आपल्या राळेगणला कॅमेऱ्याचे नवल नाही, हे आधी सांगते. २०११ साली अण्णांचे दिल्लीला उपोषण झाले तेव्हा यादवबाबांच्या देवळापुढे बातमीवाल्यांच्या एवढ्या गाड्या लागल्या होत्या की गोठ्याकडे जायला वाट नव्हती. पण बातमीवाला येतो, तोंडापुढे दांडके धरतो, "कसं वाटतंय?" म्हणून विचारतो आणि आपले उत्तर पुरे व्हायच्या आत निघून जातो. सिनेमावाल्यांचे तसे नसते. त्यांना एकच गोष्ट दहादा करून पाहावी लागते. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे ते उन्हाची नाही तर ढगाची वाट पाहत बसतात.

मला पुष्कळजणी विचारतात, "वैनी, तुमचा पोरगा कोणत्या सिनेमात दिसतो?" मी सांगते, कोणत्याच नाही. तो आवाज टिपण्याच्या खात्यात आहे. लांब काठीच्या टोकाला आवाज पकडायचे यंत्र बांधलेले असते, ती काठी बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरून उभे राहायचे. काठी पडद्यात दिसली की सगळे पुन्हा करावे लागते. म्हणजे त्याचे काम चांगले झाले याची खूण हीच की तो कुठेच दिसत नाही. हे ऐकून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी बुजगावण्यावानी उभं ऱ्हायाचं आन् त्याचं पैसं?" पोराने त्यांना ती काठी पाच मिनिटे डोक्यावर धरायला लावली. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी ती खाली ठेवली, आणि तेव्हापासून बुजगावण्याचे नाव काढलेले नाही.

आता 'ख्वाडा'विषयी. ख्वाडा म्हणजे खोडा, आडकाठी, हे आपल्याला सांगायला नको. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट. बापाची जमीन हातची गेलेली, तो ती परत मिळावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. मुलाला कुस्तीचा नाद आहे, लग्न करून कुठेतरी स्थिर व्हावे असे त्याच्या मनात आहे. बाप झालेले शशांक शेंडे हे नट आपण पुष्कळ सिनेमांतून पाहतो. मुलगा झालेले भाऊसाहेब शिंदे मात्र तेव्हा नवेच होते. आपल्यातल्या एका बाईने पाहताना विचारलेही, की हा खरा मेंढपाळच आणून उभा केला की काय. नटाला याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

हा सिनेमा केला भाऊराव कऱ्हाडे यांनी. ते श्रीगोंदे तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे, म्हणजे आपल्या वाडेगव्हाण फाट्यावरून पुण्याच्या अंगाला निघाले की शिरूरच्या जवळचे. शेतकऱ्याचे घर. मुंबईच्या कोणा शेटजीने त्यांना पैसा दिला नाही. घरची जमीन विकून त्यांनी हा सिनेमा उभा केला. हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले होते.

येथे मी जरा थांबणार आहे. टाळ्या वाजवायला हे वाक्य फार सोयीचे आहे, 'जमीन विकून सिनेमा केला.' पण आपण शेतकऱ्याच्या बायका आहोत. सातबाऱ्यावरून नाव निघणे म्हणजे काय, ते आपल्याला शिकवायला नको. आजारपणाला, लेकीच्या लग्नाला जमीन विकली तर लोक हळहळतात. सिनेमाला विकली तर गाव काय म्हणाले असेल? ज्या दिवशी खरेदीखत झाले त्या दिवशी त्या घरातल्या बायकांनी चूल कशी पेटवली असेल? ते कोणी छापलेले मी वाचले नाही. मला हे धाडस आवडले असे मी म्हणणार नाही. माझ्या घरात कोणी असे बोलले तर मी दोन दिवस जेवणार नाही. तरी आभार मानताना मला पहिल्यांदा त्या घरातल्या माणसांचे मानायचे आहेत. जमीन गेलेल्या माणसाची गोष्ट सांगण्यासाठी त्यांनी आपली जमीन जाऊ दिली. सिनेमा चांगला झाला म्हणून आज आपण हे कौतुकाने बोलतो. तो चालला नसता तर?

आणि तो लगेच चाललाही नव्हताच. सिनेमा तयार झाल्यावर थिएटर मिळणे ही आणखी एक चढण असते. २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यांत 'ख्वाडा'ला दोन मिळाले. आणि लोकांनी तो थिएटरात पाहिला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोनांपैकी एक होता दिग्दर्शकाचा विशेष उल्लेख. दुसरा होता जागेवर आवाज टिपणाऱ्याला. त्या वर्षी साऱ्या देशात जागेवरचा आवाज उत्तम टिपला म्हणून जो पुरस्कार होता, तो मेंढरांच्या या सिनेमाला मिळाला!

याचे मोल मला माझ्या मुलामुळे कळते. पुष्कळ सिनेमांत नट नुसते बोलून घेतात आणि नंतर मुंबईला बंद खोलीत पडद्याकडे पाहत तेच शब्द पुन्हा बोलतात. मेंढरांचे बें-बें, वारा, पाऊल सगळे मागून भरायचे. 'ख्वाडा'त तसे नाही. माळावर जे बोलले ते माळावरच टिपले. आता विचार करा: कळपाच्या गळ्यातल्या घंटा, राखणीची कुत्री, वारा, रस्त्यावरचा ट्रक, लांबच्या विहिरीवरचे इंजिन, आणि मधोमध दोन माणसे हळू आवाजात बोलत आहेत. वारा त्या यंत्रात शिरू नये म्हणून त्याला केसाळ टोपडे घालतात, अगदी बाळाला घालतो तसे. आवाजवाला म्हणाला, "विमान गेलं, परत करा," की उन्हात उभे असलेले सगळे त्याच्याकडे रागाने बघतात. सिनेमात सर्वांत जास्त शिव्या आवाजवाल्याला बसतात असे माझा मुलगा म्हणतो.

आणखी एक मौज सांगते. एखाद्या जागेचे काम संपले की आवाजवाला सगळ्यांना मिनिटभर जागच्या जागी गप्प उभे करतो आणि त्या गप्प बसण्याचाच आवाज टिपून घेतो. मी म्हटले, "अरे, कोणी बोलतच नाही तर टिपतोस काय?" गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा पहाटे त्याने कोणाचे तरी उसने आणलेले यंत्र गोठ्यात ठेवले आणि कानाला लावायचे माझ्या कानाला लावले. गाय रवंथ करते तो आवाज मी लग्न होऊन आल्यापासून गोठ्यात जाते आहे, पण असा कधी ऐकला नव्हता. दूध चरवीत पडते त्याचा पहिला आवाज पातळ असतो आणि चरवी भरत आली की तो दाट होतो. हे आपल्या हाताला ठाऊक असते, कानाला नसते.

आता जुनी गोष्ट. आपल्या देशातला पहिला बोलका नव्हे, मुका सिनेमा दादासाहेब फाळक्यांनी केला, 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला. (आणि योग असा, की 'ख्वाडा'चे राष्ट्रीय पुरस्कार दिल्लीत दिले गेले तोही दिवस ३ मे, साल २०१५.) फाळक्यांचे नाव शाळेत शिकवतात. सरस्वतीबाईंचे कोणी शिकवत नाही. ती बाई त्या कंपनीत काय नव्हती? दादरच्या घरात राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक ती करी. कपडे धुणे तिच्याकडे. कोऱ्या फिल्मच्या पट्टीला तेव्हा कडेने भोके नसत. ती रात्री अंधारात बसून पाडायची. फिल्म धुवायची औषधे कालवायची. उन्हात नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उभी राहायची. अंगावरचे दागिनेही त्या धंद्यात गेले. आणि पुन्हा पोरेबाळे होतीच. त्यांतला भालचंद्र सिनेमात रोहिदास झाला.

त्या काळी बाई सिनेमात काम करायला मिळेना, म्हणून तारामती झाला एक पुरुष, साळुंके नावाचा, तो खाणावळीत कामाला होता. म्हणजे पडद्यावर बाई दिसते तो पुरुष, आणि पडद्यामागे सारे ओढते ती बाई. ही चादर आजही आहे बरे का. माझा मुलगा सांगतो, छोट्या सिनेमात अजून थर्माकोलचा पांढरा पत्रा घेऊन एकजण उन्हात उभा असतो. सरस्वतीबाईंचे काम तो करतो. त्याला मिळते काय, दिवसाची मजुरी आणि डब्यातले जेवण.

फाळक्यांची मंडळी चित्रीकरणाला बाहेरगावी गेली तेव्हा तलवारी-भाले बघून खेड्यातल्या लोकांना ती दरोडेखोर वाटली, आणि सगळ्यांना अडकवून ठेवले, अशीही एक गोष्ट सांगतात. आपल्याकडे आज कोणी अडकवत नाही, पण संशय असतोच. "हे कोण? आपल्या वाड्याचा फोटो कशाला घेतात? गरिबी दाखवून पैसे कमावतील." असे मी आपल्याच ओट्यांवर ऐकले आहे. संशय अगदीच खोटा आहे असेही नाही. गाव कसे मागासले, बायका कशा अडाणी, एवढेच दाखवायला येणारेही असतात. म्हणून कोणता सिनेमा आपल्यासाठी केला आणि कोणता आपल्यावर केला, हे पाहून ठरवावे असे मला वाटते.

नगरजवळच्या अकोळनेरची गोष्ट सांगणारा 'फँड्री' तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. दासगणू महाराजांचा जन्म झाला तेच अकोळनेर. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात ते हे शिक्षण शिकले आहेत. कैकाडी कुटुंबातला जब्या नावाचा मुलगा, आणि गावातली डुकरे पकडायचे काम त्या घराच्या वाट्याला आलेले. डुक्कर अगदी हाताशी येते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. हा प्रसंग हसावे की रडावे असा आहे. जब्या झालेला सोमनाथ अवघडे याला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खेड्यातला पोर, नटाच्या घरातला नव्हे.

त्यात जब्याची आई झालेल्या छाया कदम मला विशेष आठवतात, कारण त्या आपल्यासारख्या दिसतात. डोक्यावरचा पदर, बोलण्यातला थकवा, कशातच नाटक नाही. त्याच बाई २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये कान येथे होत्या. पायल कपाडिया या मुलीने केलेल्या सिनेमाला तेथे ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला, आणि त्यात छायाताईंनी केलेले काम कोणाचे? मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या, राहते घर जाऊ घातलेल्या कोकणातल्या बाईचे. जगातल्या मोठमोठ्या लोकांनी एका स्वयंपाकीणबाईची गोष्ट बसून पाहिली, हे मला येथे मुद्दाम सांगायचे होते. आपण रोज करतो त्या कामाकडे कोणी दोन तास टक लावून पाहील असे आपल्याला कधी वाटले होते का?

डेअरीला दूध घालणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक. १९७६ साली 'मंथन' नावाचा सिनेमा निघाला, श्याम बेनेगल यांचा. गुजरातेतल्या दूधवाल्यांची गोष्ट, त्यात आपली स्मिता पाटील होती. त्याचा पैसा कोणी दिला? गुजरातेतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. सिनेमाच्या सुरुवातीला तसे नावही येते, की गुजरातचे पाच लाख शेतकरी हा सिनेमा सादर करत आहेत. दोन रुपये म्हणजे तेव्हाही फार नव्हेत. पण पाच लाख घरांत त्या सिनेमाला 'आमचा' म्हणणारे कोणीतरी होते. एकट्या घराची जमीन जाण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. मात्र पाच लाख माणसे एका विचाराने उभी राहायला आधी सोसायटी असावी लागते. गव्हाणेवाडीच्या एका तरुणाला ती कुठून मिळावी?

आता थोडे माझ्या घरचे बोलते, कारण ते न बोलता नुसते आभार मानणे मला खोटे वाटेल. छोट्या सिनेमात पैसा नेहमी शेवटी कमी पडतो, आणि कमी पडला की तो दिग्दर्शकाच्या ताटातून आधी जात नाही, काठी धरणाऱ्याच्या जातो. माझ्या मुलाचे एका ठिकाणी बावीस दिवसांचे पैसे राहिले. नाव मी घेणार नाही. फोन केला की "सिनेमा विकला की देतो." तो विकला गेला नाही. पोरगा तापाने फणफणून घरी आला, आठ दिवस पडून होता, आणि नवव्या दिवशी दुसऱ्या कामावर गेला. लग्नाचे बघायला येणारे विचारतात, "पगार किती?" आम्ही काय सांगावे? एका महिन्यात चांगला, पुढचे तीन महिने शून्य.

त्याचे म्हणणे असे की स्वतःचे यंत्र असले तर भाडेही मिळते आणि पैसे बुडवायला लोक जरा कचरतात. यंत्राची किंमत लाखाच्या वर. आमच्याकडे दोन जर्सी गाई आहेत. घरचे म्हणतात, "जमीन मागत नाही पोरगं, गाय पुन्हा घेता येते." हे म्हणणे वावगे नाही. पण दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल येते त्यावर किराणा चालतो, आत्याबाईंच्या गोळ्या चालतात, धाकटीची फी जाते. गाय पुन्हा घेता येते. मधले दिवस कोण भरून देणार? अजून ठरलेले नाही. मी पोराला एवढेच सांगितले आहे, की आधी त्या बावीस दिवसांचे पैसे लेखी मागायला शीक. पहिले पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिले. शब्द त्याचे, अक्षर माझे.

असो. मला दिलेले काम पुरे करते.

'ख्वाडा' करणारे भाऊराव कऱ्हाडे, त्यांच्या घरची सारी माणसे, शशांक शेंडे, भाऊसाहेब शिंदे आणि त्यांच्यासोबतचे सगळे नट, यांचे मंडळाच्या वतीने आभार. माळावरचा आवाज टिपणाऱ्यांचे आभार. कॅमेऱ्याचे ओझे वाहणारे, दिवे धरणारे, उन्हात पांढरा पत्रा धरणारे, चहा देणारे पोरगे, पहाटे उठून सगळ्यांचा नाष्टा करणारा आचारी, नटाने काल डोक्याला बांधलेला फेटा आज तसाच बांधला आहे की नाही हे वहीत लिहून ठेवणारी मुलगी, गाडी हाकणारे, यांचे आभार. मेंढरे ज्यांची होती त्यांचे आभार. कळप दिवसभर एका जागी थोपवून धरायचा म्हणजे त्या दिवसाची चराई बुडाली, हे मेंढपाळच जाणे. आणि कोणत्याही गावात सिनेमावाल्यांना हंडाभर पाणी, बाजेची सावली, कपडे बदलायला आतली खोली देणाऱ्या ज्या बाया असतात, त्यांची नावे शेवटी येणाऱ्या यादीतही कधी कधी नसतात, त्यांचेही.

त्या यादीविषयी एक बोलायचे आहे. 'ख्वाडा' संपला तेव्हा नावे वर सरकू लागली आणि आपल्या निम्म्या बाया चपला शोधू लागल्या. त्यांना मी दोष देत नाही. संध्याकाळची धार काढायची वेळ झाली होती आणि गाय कोणाच्या नावासाठी थांबत नाही. म्हणून पुढच्या वेळी 'फँड्री' लावायचा तो डेअरीचे माप आटोपल्यावर, रात्री आठला, असे मी अध्यक्षबाईंशी बोलून ठेवले आहे. भाकरी करून या. पडदा गेल्या वेळी वाऱ्याने फार हलत होता, तर येताना कोणीतरी चार जाड सुतळ्या आणाव्यात; दोन मी आणते.